निवृत्तीनंतर पहिली कादंबरी: प्रकाशकांच्या दारात थांबावं की स्वतः छापावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढते आहे.

१९८० मध्ये मी तार खात्यात टेलिग्राफिस्ट म्हणून लागले. कराड, सातारा आणि शेवटी पुणे अशी नोकरी झाली, आणि २०१९ मध्ये बीएसएनएलमधून निवृत्त झाले. आता वय ६६. निवृत्तीनंतर एक कादंबरी लिहायला घेतली ती यंदा पूर्ण झाली. साधारण ८५ हजार शब्द आहेत. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे तारघरात मोर्सच्या यंत्रावर (खटखटीच्या खुणांनी तारा पाठवायचं) ड्यूटीवर असलेल्या एका माणसापासून ती सुरू होते आणि १५ जुलै २०१३ला तारसेवा बंद झाली तिथे संपते.

तीन प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं होतं. एकाकडून काहीच उत्तर आलं नाही. दुसऱ्यांनी कळवलं की ३०० प्रती तुम्ही स्वतः विकत घेणार असाल तर छापू. कादंबरीबद्दल एक शब्दही त्या पत्रात नव्हता, याचं जास्त वाईट वाटलं. तिसरीकडून 'पॅकेज'चे फोन येतात: मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), प्रकाशन समारंभ, सगळं मिळून एक रक्कम.

मुलगा म्हणतो, आई, तूच छाप. यजमान म्हणतात, थांब, चांगला प्रकाशक मिळेल. माझे प्रश्न असे: स्वतः छापलेल्या कादंबरीला वाचक, वाचनालयं, समीक्षक गंभीरपणे घेतात का? खर्च किती येतो? आणि या वयात थांबणं शहाणपणाचं की छापणं?

लोकलमधला_वाचक

ताई, आधी मनापासून अभिनंदन. तारेत शब्दाला पैसे पडायचे, आणि तुम्ही ८५ हजार शब्द लिहिलेत. खात्याने ऐकलं तर बिल पाठवतील!

पेन्शनर_नगरवाला

मी ७१. माझी पहिली कादंबरी दोन वर्षांपूर्वी स्वतःच छापली, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे धरूनच वाचा. छापा. थांबू नका.

आमच्या वयात 'दोन वर्षांनी कळवतो' या वाक्याचा अर्थ तिशीतल्या माणसापेक्षा वेगळा असतो. माझा एक जिवलग मित्र निवृत्त ग्रामसेवक होता. दुष्काळी कामांवर त्याने फार सुंदर लिहिलं होतं. एका प्रकाशकाकडे ते तीन वर्षं पडून होतं. तो गेला. मुलांना आता ती फाइल कुठे आहे तेही ठाऊक नाही. मी त्यातली दोन प्रकरणं त्याच्या तोंडून ऐकली होती. आज ती फक्त मला आठवतात, आणि तीही अर्धवट.

अनुस्वार

पेन्शनरकाका, तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी मी थोडा विरोधी सूर लावते.

मी मुद्रितशोधनाचं काम करते, आणि स्वतः छापून घेणाऱ्या ज्येष्ठ लेखकांची बरीच पुस्तकं माझ्याकडे येतात. घाई सगळीकडे दिसते. मुखपृष्ठ ठरलेलं असतं, समारंभाचा हॉल ठरलेला असतो, पाहुण्यांची तारीख घेतलेली असते, आणि मजकूर माझ्याकडे येतो तो 'फक्त शुद्धलेखन बघा, आठवड्यात द्या' म्हणून. त्या मजकुराला बहुतेक वेळा शुद्धलेखनापेक्षा संपादनाची गरज असते. एखादं पात्र चौथ्या प्रकरणात विधवा असतं आणि अकराव्यात नवऱ्याला चहा देतं. १९६९ साली पुण्यात टीव्हीवर बातम्या बघणारं कुटुंब मी स्वतः एका कादंबरीत पकडलं आहे. मुंबई दूरदर्शनच मुळी २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं!

प्रकाशक चांगला असेल तर त्याच्याकडे हे बघणारं कुणीतरी असतं. स्वतः छापताना ती जागा रिकामी राहते, आणि छपाई, समारंभ, हारतुरे यांवर जो खर्च होतो त्याच्या चौथा हिस्साही संपादनावर होत नाही. कृष्णाकाठताई, तुमच्याकडे जे पैसे असतील त्यातले पहिले संपादकाला द्या. छपाई नंतर.

गोदाकाठचा

>> प्रकाशक चांगला असेल तर त्याच्याकडे हे बघणारं कुणीतरी असतं

हे 'असेल तर' फार मोठं आहे. नामवंत प्रकाशनांच्या कादंबऱ्यांतही पानोपानी चुका सापडतात हल्ली. ३०० प्रती विकत घ्या म्हणणारा प्रकाशक काय संपादन करणार? त्याचा धंदा लेखकाला पुस्तक विकण्याचा आहे. वाचकापर्यंत जायची त्याला गरजच उरत नाही, कारण छापायच्या आधीच त्याचे पैसे वसूल झालेले असतात. अशा ठिकाणी जाण्यापेक्षा स्वतः छापणं शंभर पटीने स्वच्छ.

अक्षरजुळणी

माझा डीटीपी आणि छपाईचा व्यवसाय आहे, म्हणून आकड्यांबद्दल लिहितो. शहराप्रमाणे दर बदलतात, हिशोबाची पद्धत तीच राहते.

८५ हजार शब्द म्हणजे डेमी आकारात (साडेपाच बाय साडेआठ इंच), १२ पॉइंटात, २८० पानांच्या आसपास. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे १८ फॉर्म, २८८ पानं. पुढची-मागची पानं त्यातच बसवायची. आतला कागद ७० जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, नॅचरल शेड. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन.

आता मुख्य निर्णय: ऑफसेट की डिजिटल. ऑफसेटला प्लेटा कराव्या लागतात, त्यामुळे ३००च्या आत छापणं परवडत नाही, पण ५००च्या पुढे प्रतीमागे खर्च झपाट्याने उतरतो. डिजिटलवर ५० प्रतीही काढता येतात, मात्र प्रत महाग पडते. माझ्याकडे असं पुस्तक ५०० प्रतींच्या ऑफसेटला साधारण ११०-१२० रुपये प्रत आणि डिजिटलवर २०० रुपयांच्या आसपास पडतं. किंमत ४०० ठेवली आणि विक्रेत्याला ४० ते ५० टक्के सूट दिली तर तुमच्या हाती २०० ते २४० येतात. म्हणजे डिजिटलवर दुकानातून विकून जेमतेम बरोबरी, थेट वाचकाला विकलं तरच काही शिल्लक. ऑफसेटला शिल्लक दिसते खरी, पण ती ५०० प्रती विकल्या गेल्या तर. न विकलेले गठ्ठे घरात ठेवायला जागा लागते, आणि पावसाळ्यात कागद ओल धरतो.

नवीन लेखकाला माझा सल्ला: पहिल्यांदा डिजिटलवर शंभर. मागणी दिसली की ऑफसेट.

आणि ताई, हस्तलिखित कशात टाइप केलं आहे? युनिकोड असेल तर उत्तम. बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपी या जुन्या फाँटप्रणालीत काम करतात. युनिकोडमधून तिकडे नेताना 'ऱ्या', 'ॲ', रफार अशा जागा हमखास बिघडतात. असं रूपांतर झालं असेल तर त्यानंतर पुन्हा एकदा अथपासून इतिपर्यंत मुद्रितं (छपाईआधीची तपासायची पानं) वाचलीच पाहिजेत. त्यापेक्षा इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोडवर पानं लावणारा शोधा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. अक्षरजुळणी, युनिकोडच आहे, मोबाइलवर आणि मग मुलाच्या लॅपटॉपवर टाइप केलं.

लोकलमधला_वाचक, तुमची गंमत आवडली, आणि ती खरीही आहे. आम्ही काउंटरवर बसून लोकांचे शब्द कमी करून द्यायचो. शुभेच्छांच्या तारांना तर ठरावीक वाक्यांचे नंबरच होते, नंबर लिहिला की काम झालं. बाकीच्या तारांत माणूस रडत रडत सांगायचा आणि आम्ही त्याचं दुःख आठ-दहा शब्दांत बसवायचो. कादंबरी त्यातूनच आली. जे शब्द आम्ही कापले ते कुठे गेले, असं मला निवृत्तीनंतर वाटू लागलं.

अनुस्वारताई, संपादनाचं पटलं. पण संपादक मिळतो कुठे? आणि तो माझी भाषा बदलणार नाही ना? माझी अर्धी पात्रं कराडकडचं बोलतात.

कराडचा_पावनं

ताय, भाषा बदलू द्यायची न्हाय! 'कुटं चाललाईस' म्हणणारा माणूस पुस्तकात 'कुठे चालला आहेस' म्हणाला की त्यो आमचा माणूसच राहत न्हाय. तुमच्या कादंबरीतलं मोर्सच्या खटखटीचं आणि भूकंपाचं ऐकूनच अंगावर काटा आला. माझं आजोळ पाटणचं. आजी सांगायची, पहाटे साडेचारच्या आत सगळं झालं, मग लोक बरेच दिवस घराबाहेर झोपत होते.

अनुस्वार

पावनं, अगदी बरोबर, आणि नियमही तुमच्याच बाजूने आहेत. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२चे, पुढचे चार १९७२चे. ललित लेखनात पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला त्यांत पूर्ण मोकळीक आहे. जो संपादक बोली 'शुद्ध' करतो त्याला काम देऊ नका. मात्र बोलीतही सातत्य लागतं. एकाच पानावर 'न्हाय', 'नाय' आणि 'न्हाई' असं तिन्ही येत असेल तर वाचक अडखळतो. संपादकाने ते बघायचं.

संपादक कसा शोधावा: तुम्हाला आवडणाऱ्या चार-पाच कादंबऱ्यांच्या ऋणनिर्देशाची पानं वाचा. कुणी संपादन केलं ते लेखक कृतज्ञतेने लिहितात. ओळख नसली तरी पत्र लिहा. आधी एकच प्रकरण द्या, त्याचे पैसे द्या, आणि काय खुणा करून परत येतं ते बघा. ज्याच्या खुणांमध्ये प्रश्न जास्त आणि दुरुस्त्या कमी असतील तो तुमचा.

वकिली_बाणा

कायद्याच्या बाजूने थोडं.

लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट लेखकाचा होतो, नोंदणी बंधनकारक नाही. करायची असेल तर साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे. १९५७च्या कायद्याप्रमाणे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे ताई, तुमच्या नातवंडांपर्यंत तो जाणार आहे, तेव्हा करारावर सही करताना घाई नको.

कोणत्याही प्रकाशकाशी करार झाला तर कलम १९ डोक्यात ठेवा. हक्क हस्तांतर लेखी आणि सही केलेलं असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. आणि दिलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर, तो परत येतो. 'पॅकेज' विकणारे लोक छापील करारात ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट असे सगळे हक्क एका ओळीत मागतात. पैसे तुमचे आणि हक्कही त्यांचे, असा करार मी अशिलाला कधीच करू देत नाही.

ग्रंथपाल_स्मिता

वाचनालयांबद्दल विचारलं होतं म्हणून लिहिते. मी एका तालुक्याच्या ठिकाणच्या 'अ' वर्ग सार्वजनिक वाचनालयात आहे.

आमच्याकडे सभासद पुस्तक मागतात तेव्हा प्रकाशकाचं नाव शंभरात एखादा विचारतो. कादंबरी हवी असते, विषय हवा असतो, आणि 'हे वाचलंत का' म्हणून दुसऱ्या सभासदाने सांगितलेलं असतं. त्यामुळे स्वतः छापलं म्हणून वाचक नाकारत नाही. खरेदी समिती मात्र वितरकांच्या याद्यांवरून पुस्तकं घेते, आणि तुमचं पुस्तक त्या यादीत नसतं. अडचण तिथे आहे. यावर उपाय म्हणजे आसपासच्या वाचनालयांत स्वतः जा, एक प्रत द्या, आणि जमलं तर तिथे तासभर बोला. तारघराच्या आठवणी ऐकायला आमचे सभासद पायऱ्यांपर्यंत बसतील, याची खात्री देते.

दोन गोष्टी विसरू नका. आयएसबीएन केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो, लेखक स्वतःच्या नावानेही घेऊ शकतो. त्याचे कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. दुसरं, १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. मुंबईचं म्हणजे टाऊन हॉलमधलं. स्वतः छापलं की प्रकाशक तुम्हीच, त्यामुळे ही जबाबदारीही तुमची. बहुतेक जण पाठवत नाहीत. मला फार हळहळ वाटते, कारण पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक तारघरावर काम करायला बसला तर त्याला हे पुस्तक तिथेच सापडणार आहे.

बे_एरियातून

ई-बुकचा विचार करा. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून आहेत. लेखकाला खर्च शून्य, गठ्ठे नाहीत, आणि माझ्यासारखे बाहेर राहणारे वाचक त्याच रात्री वाचू शकतात. माझ्या आईची कादंबरी मी अशीच चढवली. मुखपृष्ठ भाच्याने केलं. अक्षर मोठं करून वाचता येतं म्हणून आईच्या मैत्रिणीही टॅबवर वाचतात.

पुस्तकवेडा_आबा

ई-बुक बघितलं की माझा ७८ वर्षांचा जीव कासावीस होतो. कागद पाहिजे. पानाचा वास पाहिजे. शेजारच्याला 'हे बघ, वाच' म्हणून देता आलं पाहिजे. फायलीत काय द्यायचं?

बे_एरियातून

आबा, दोन्ही करता येतं. एक केलं की दुसरं बंद होत नाही. फक्त किंडलवर जास्त मानधनाची योजना निवडलीत तर तेवढ्या मुदतीत तेच ई-बुक दुसरीकडे ठेवता येत नाही, एवढं बघून घ्या. छापील पुस्तकाला ती अट नाही.

निशिगंध_२

ऑडिओही बघा. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप भारतात २०१७ला आलं तेव्हापासून मराठीत ऐकणारे खूप वाढले आहेत. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदू आहे, त्या आता फक्त ऐकतात. मोर्सचा आवाज असलेली कादंबरी कानांनी ऐकायला किती छान वाटेल!

पोस्टमनचा_मुलगा

अवांतर: पुस्तक पोस्टाने पाठवणाऱ्यांसाठी. जुनं रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा लहान प्रकाशकांची फार अडचण झाली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वजनाप्रमाणे वाढत ५ किलोला १०० रुपये. व्यावसायिक स्वरूपाच्या प्रकाशनांना ती लागू नाही, म्हणून तुमचं पुस्तक त्यात बसतं का हे काउंटरवर आधी विचारून घ्या. आणि वजन करा. अक्षरजुळणींनी सांगितलेलं २८८ पानांचं पुस्तक ७० जीएसएमवर मुखपृष्ठासकट ३०० ग्रॅमच्या थोडं वरच जाईल.

अक्षरजुळणी

बरोबर, ३२५-३३० ग्रॅम. चांगली नजर आहे.

रानवाटा

मी इथे नेहमी वाचनमात्र असते, पण एक विचारावंसं वाटतं. कृष्णाकाठताई, भूकंपाच्या पहाटे ड्यूटीवर असलेला माणूस खरा आहे का? तुम्ही तर १९८०ला लागलात.

कृष्णाकाठ

रानवाटा, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

हो, खरा आहे. माझे पहिले वरिष्ठ. ती पहाट त्यांनी मला कितीतरी रात्रपाळ्यांमध्ये सांगितली. आता ते नाहीत. कादंबरीत त्यांचं नाव, गाव, जात, सगळं बदललं आहे. पण त्यांच्या घरातली एक गोष्ट कथेच्या गाभ्यात आहे. त्यांनी एक तार वेळेवर पोहोचवली नव्हती, जाणूनबुजून, आणि ती त्यांच्याच घरची होती. त्यांची मुलगी साताऱ्यात राहते. तिला हे ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही.

वकिली_बाणा

कायदेशीरदृष्ट्या नाव आणि तपशील बदललेले असतील, व्यक्ती हयात नसेल, तर धोका फार कमी. सुरुवातीला 'पात्रं काल्पनिक आहेत' ही ओळ घाला.

गोदाकाठचा

कादंबरी आहे हो. परवानगी मागत बसलो तर कुणी काही लिहूच शकणार नाही. मी म्हणेन, छापा आणि पुढे चला.

ग्रंथपाल_स्मिता

गोदाकाठचा, मला हे पटत नाही. कायद्याने परवानगी लागत नाही हे मान्य. पण साताऱ्यासारख्या गावात ते पुस्तक त्या मुलीच्या हातात कुणीतरी ठेवणारच आहे, आणि कदाचित आमच्यासारख्या वाचनालयातूनच. तिने ते आधी लेखिकेकडून ऐकावं. उशिरा लिहिणाऱ्या माणसाकडे जी सामग्री असते ती बहुतेक इतरांनी विश्वासाने सांगितलेली असते. पंचविशीतला लेखक कल्पनेतून जे काढतो ते साठीतल्या लेखकाकडे कुणाच्या तरी आयुष्यातून आलेलं असतं. त्यामुळे जबाबदारीही वेगळी.

पेन्शनर_नगरवाला

स्मिताताईंशी सहमत. माझ्या कादंबरीवरून चुलत घराण्यात वर्षभर बोलणं बंद होतं. छापल्याचा पश्चात्ताप नाही, पण काकूंना आधी वाचून दाखवलं असतं तर त्यांनीच मला तीन गोष्टी अजून सांगितल्या असत्या. नंतर रागातच त्या सांगितल्या, आणि त्या माझ्या लिहिण्यापेक्षा जोरदार होत्या.

लोकलमधला_वाचक

काका, मग दुसरी आवृत्ती काकूंच्या नावे काढा!

शालिवाहन

मूळ प्रश्नाकडे येतो: या वयात थांबावं की छापावं.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८चा, 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४चा. म्हणजे त्याही तेव्हा ६६ वर्षांच्याच होत्या, कृष्णाकाठताईंच्या वयाच्या. १९३६ला त्या गेल्या. शेवटचा भाग त्यांच्या हातून पूर्ण झाला नाही, तो मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, हे खरं. पण उतारवयात आत्मचरित्र लिहिलेल्या बाईने मराठी गद्याला काय दिलं, हे त्यातून दिसतं. पेन्शनरकाका आणि अनुस्वार, दोघांचीही बाजू या एका उदाहरणात आहे. थांबल्या असत्या तर आपल्याला काहीच मिळालं नसतं. आणि त्या गद्याचा कस बघा, कुठे घाई दिसते का?

आणखी एक. नवलेखक अनुदानाचा विचार केलात का? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, जे १९६०ला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालं, ते पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देतं. 'नव' म्हणजे वयाने लहान असं नाही, पुस्तकाने नवीन. त्यासाठी हस्तलिखित अप्रकाशित लागतं, म्हणून स्वतः छापायच्या आधी ते दार ठोठावून बघा. शिवाय राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे.

गोदाकाठचा

शालिवाहन, अनुदानाची यादी लागेपर्यंत किती काळ जाईल? पुन्हा थांबणंच आलं की.

अनुस्वार

गोदाकाठचा, तेवढ्या काळात संपादन होतं ना! ८५ हजार शब्दांचं नीट संपादन, लेखिकेने त्यावर पुन्हा बसणं, मग दोनदा मुद्रितं, याला तसेही काही महिने हवेतच. अर्ज टाकून ठेवायचा आणि इकडे काम चालू. मंजूर झालं तर उत्तम, नाही झालं तर हातात छपाईला तयार मजकूर असतो. मधल्या काळात एखादं प्रकरण दिवाळी अंकाकडे पाठवा. १९०९च्या 'मनोरंजन'पासून मराठी लेखकाला वाचक मिळवून देण्याचं काम दिवाळी अंकांनी केलं आहे. अनोळखी संपादकाने घेतलेलं एक प्रकरण, 'ही कोण लेखिका' हा प्रश्न वाचकाच्या मनात तयार करतं. पुस्तक नंतर आलं की त्याला ओळख आधीच मिळालेली असते.

पुस्तकवेडा_आबा

डिसेंबरात पुण्यात फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव भरतो, तिथे मी चार-पाच तास हिंडतो. मागच्या खेपेला एका कोपऱ्यात एक निवृत्त परिचारिका स्वतःचं पुस्तक घेऊन एका मित्राच्या स्टॉलवर बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाशी बोलत होत्या. मी घेतलं, रात्री वाचायला बसलो आणि पहाटे संपवलं. प्रकाशक कोण हे मी आजतागायत बघितलेलं नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, काही दिवस लिहिलं नाही कारण साताऱ्याला गेले होते. त्यांच्या मुलीला भेटले. तारेची ती गोष्ट असलेलं प्रकरण वाचून दाखवलं. तिला गोष्ट माहीत होती. आईने मरताना सांगितली होती. तिला माहीत नव्हतं ते एवढंच, की वडिलांना त्याचं शल्य आयुष्यभर होतं आणि ते त्यांनी रात्रपाळीत माझ्यासारख्या नवख्या मुलीपाशी बोलून दाखवलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, छापा, पण बाबा भूकंपाच्या दुसऱ्या दिवशीही घरी आले नव्हते, तेही घाला. मला हे ठाऊकच नव्हतं. सलग ड्यूटी केली होती त्यांनी. कोयनानगरकडच्या लोकांच्या नातेवाइकांच्या तारा येतच होत्या.

त्यामुळे दुसरं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं आहे.

ठरवलं ते असं: ३०० प्रतींच्या प्रकाशकाला 'नाही' असं कळवलं. पॅकेजवाल्यांनाही. अनुस्वारताईंनी सांगितलं तसं एका संपादकांना पहिलं प्रकरण पाठवलं. ते खुणा करून आलं आहे, आणि त्यात प्रश्नच जास्त आहेत. कराडची बोली तशीच ठेवली आहे, फक्त 'न्हाय' एकसारखं केलं. मंडळाच्या अनुदानाला अर्ज करणार. नाही मिळालं तर डिजिटलवर शंभर प्रती आणि सोबत ई-बुक. यजमानांनाही हे पटलं, कारण थांबणंही झालं आणि छापणंही.

अक्षरजुळणी, एक तांत्रिक शंका. माझे बहुतेक वाचक खात्यातले निवृत्त लोक असणार, सत्तरीच्या पुढचे. अक्षर १२ पॉइंट ठेवू की १३?

अक्षरजुळणी

१३ ठेवा, आणि दोन ओळींमधली जागाही थोडी वाढवा, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात. साधारण दोन फॉर्म वाढतील, म्हणजे ३२० पानं, प्रतीमागे वीसेक रुपये जास्त. दोन्ही आकारांत एकेक प्रकरण लावून प्रिंट पाठवतो. खात्यातल्या तुमच्या दोन-तीन मित्रांना चष्म्यासकट वाचायला द्या आणि मग ठरवा. शाई आतल्या पानांना पूर्ण काळीच घ्या, राखाडी छटा सत्तरीनंतर वाचवत नाही.